छत्तीस फुटांचा संसार

जहाजावरच्या दैनंदिनीला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडाची फळी बांधून ती जहाजामागे पाण्यात सोडायची आणि वाळूच्या घड्याळातली वाळू सरेपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचे. तेवढा जहाजाचा वेग. ‘नॉट’ हे वेगाचे एकक या गाठींतूनच आले, आणि हे आकडे ज्या वहीत उतरवले जात तिला त्या ओंडक्याचेच नाव चिकटले. एका लेखनप्रकाराचे नाव मोजमापाच्या अवजारावरून पडावे, हे मला फार सूचक वाटते. काय लिहायचे ते त्या अवजाराने आधीच ठरवून टाकलेले असते: स्थान, दिशा, वेग, वारा, वायुभार. ज्याचे माप घेता येत नाही त्यासाठी या वहीत रकानाच नसतो.

ऑक्टोबर २०१८ ते जून २०१९ असे नऊ महिने आम्ही तिघे, म्हणजे नवरा, मी आणि तेव्हा दहा वर्षांची असलेली आमची लेक, एका छत्तीस फुटी शिडाच्या नौकेवर राहिलो. नौका जुनी, आमच्या लग्नाहूनही जुनी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातून निघून आम्ही नॉरफोकला आलो. तिथून फ्लोरिडाकडे जाणारा, किनाऱ्याच्या आतून खाड्या, नद्या आणि कालवे जोडत गेलेला सुमारे १,१०० मैलांचा जलमार्ग धरला. मायामीहून गल्फ स्ट्रीम ओलांडून बहामा बेटांत गेलो, हिवाळा तिथे काढला आणि चक्रीवादळांचा मोसम उघडण्याच्या सुमारास परतलो. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली होती. भारतातल्या नातेवाइकांना आम्ही याला ‘प्रवास’ म्हणत असू, कारण ‘आम्ही आता बोटीवर राहतो’ असे सांगितले की पलीकडून पहिला प्रश्न पैशांविषयी येई.

नोंदवही नवऱ्याने ठेवली. ती चोख आहे. २० फेब्रुवारी २०१९ ची नोंद अशी: ‘एलिझाबेथ हार्बर. नांगरावर. वारा आग्नेय, १५. वायुभार स्थिर. मुक्काम.’

एलिझाबेथ हार्बर हे ग्रेट एक्झुमा बेटावरच्या जॉर्जटाऊनसमोरचे लांबट, आडोशाचे बंदर. हिवाळ्यात तिथे शेकडो नौका नांगरून असतात. पुढे कॅरिबियन समुद्रात उतरायच्या निश्चयाने निघालेले बरेच लोक इथवर येतात, आणखी दक्षिणेकडचा वाऱ्याविरुद्धचा रस्ता पाहतात आणि इथेच थांबतात. म्हणून दर्यावर्दी मंडळी त्याला थट्टेने ‘चिकन हार्बर’ म्हणतात. आम्हीही तिथूनच मागे फिरलो. तर त्या दिवशी मुक्काम होता. म्हणजे काय होते, ते थोडे विस्ताराने सांगते.

सकाळी साडेसहाला लेकीने बॅटरीचा आकडा वाचला. हे तिचे काम. बारा व्होल्टच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या की काटा १२.७ च्या आसपास असतो, १२.२ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आदल्या दिवशी ढग असल्याने सौरपट्ट्यांनी पुरेशी वीज दिली नव्हती, म्हणून फ्रिज बंद केला. फ्रिज बंद म्हणजे दूध आज संपवायचे, म्हणजे खीर. मग पाणी. आमच्या टाक्यांत एकूण ३४० लिटर मावे. तिघांनी दिवसाला बावीस-तेवीस लिटरांत भागवायचे असा नियम होता. पिणे, स्वयंपाक, दात, आंघोळ सगळे धरून. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि फवाऱ्याच्या बाटलीतल्या गोड्या पाण्याने खंगाळायची. भातात एक वाटी समुद्राचे पाणी घातले की मीठ वेगळे लागत नाही, हे मला एका शेजारणीने शिकवले. शेजारीण म्हणजे साठ मीटरांवर नांगरलेली, आणि वारा फिरला की दुसऱ्याच कुणाची शेजारीण होणारी.

गॅसची टाकी नौकेच्या आत ठेवत नाहीत. हा वायू हवेहून जड असतो. गळला तर खाली उतरून नौकेच्या तळाच्या पोकळीत साचतो आणि एका ठिणगीसाठी वाट पाहत बसतो. म्हणून टाकीला बाहेर स्वतंत्र कप्पा, कप्प्याच्या बुडाला बाहेर उघडणारे भोक. प्रत्येक वेळी शेगडी पेटवण्याआधी आणि विझवल्यावर टाकीची कळ उघडायची, बंद करायची. शेगडी दोन्ही बाजूंनी झुलती, नौका कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून. या शेगडीवर प्रेशर कुकर किती शोभून दिसतो! झाकण घट्ट, सांडायची भीती नाही, गॅस निम्मा. परदेशी दर्यावर्दी कुकरचे गुणगान असे करतात की जणू तो त्यांनीच शोधला आहे; मी गप्प राहून ऐकत असे. पोळ्यांचे मात्र अवघड. पोळपाटाखाली ओले फडके घालूनही तो हळूहळू उताराकडे निघतो आणि लाटणे त्याच्या आधी पोचते.

वाणसामानाचेही एक शास्त्र असते. पुठ्ठ्याची खोकी नौकेवर आणायची नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळे धक्क्यावरच सोडून डब्यांत भरायचे. कांदे-बटाटे जाळीत टांगायचे, कोबी सर्वांत शेवटी खायचा कारण तोच टिकतो. नासाउहून टपालाची बोट येई तेव्हा जॉर्जटाऊनच्या दुकानात ताजी भाजी उतरे. त्या दिवशी छोट्या रबरी होडीतून सगळे बंदर दुकानाकडे लोटे. वीस फेब्रुवारी हा तो दिवस नव्हता. आठ वाजता सगळ्या नौकांनी रेडिओ लावले. हवामान, कुणाकडे जास्तीचा पंप आहे, कुणाला दातांचा डॉक्टर हवा आहे. नऊ ते बारा शाळा. दुपारी संडासाचा हातपंप अडकला. तो मी आणि नवऱ्याने मिळून उघडला, ते वर्णन इथे टाळते. लेकीने शिकवणी बुडवून ते सगळे पाहिले आणि झडपेचे चित्र काढले. संध्याकाळी कपडे धुतले, दोरीवर घातले. एक सदरा उडाला. रात्री बारा ते दोन वारा वाढला तेव्हा मी जागी होते, कारण नांगराची साखळी खडखडली.

वहीत लिहिले आहे: मुक्काम.

नवऱ्याला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. वही तशीच असायला हवी. रात्री दोन वाजता नौका सरकते आहे की नाही हे ठरवायचे असेल तेव्हा खिरीची नोंद उपयोगाची नसते. माझा प्रश्न वहीपुढचा आहे. या वह्यांतून पुढे पुस्तके झाली, आणि त्या पुस्तकांनी समुद्रावरच्या जगण्याचे जे रूप वाचकांच्या मनात पक्के केले त्यात घर चालवणारे हात जवळजवळ नाहीतच. वादळे आहेत, एकांत आहे, माणूस आणि निसर्ग यांचा संघर्ष आहे. पण नौकेवर राहून पाहिलेल्या कुणालाही हे कळेल की तिथे वादळ हा अपवाद आणि पाण्याचा हिशेब हा नियम असतो. घरकाम ही प्रवासाची पार्श्वभूमी नसून तोच प्रवास असतो. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नळ सोडताना आपल्याला धरण आठवत नाही. नौकेवर पेला विसळताना टाकीचा तळ आठवतो.

जोशुआ स्लोकम हा या साहित्याचा आद्यपुरुष. १८९५ ते १८९८ मध्ये त्याने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९०० साली त्यावर ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक आले. शीर्षकातला ‘अलोन’ हा शब्द जगभर गाजला. त्या शब्दामागे किती माणसे आहेत हे पाहण्यासारखे आहे. स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया १८७१ मध्ये सिडनीत लग्न करून थेट जहाजावर गेली आणि तेरा वर्षे जहाजांवरच राहिली. तिला सात मुले झाली, समुद्रावर किंवा परक्या बंदरांत. त्यांतली चार जगली. त्यांना तिने जहाजावरच शिकवले. १८८४ मध्ये ब्वेनोस आयरेस इथे नांगरलेल्या जहाजावर ती वारली तेव्हा चौतिशीत होती. तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांशी मुलांच्या आठवणींमुळे. थोरला मुलगा व्हिक्टर याने लिहिलेले बापाचे चरित्र १९५० साली निघाले.

दुसरी पत्नी हेटी. तिच्या वाट्याला ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज फुटणे आले. स्लोकमने मोडक्या सामानातून आणि तिथल्या लाकडातून पस्तीस फुटी नौका बांधली. ती पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली त्याच दिवशी. म्हणून तिचे नाव ‘लिबर्डाडे’, म्हणजे स्वातंत्र्य. त्या नौकेतून नवरा, बायको आणि दोन मुलगे सुमारे साडेपाच हजार मैल प्रवास करून अमेरिकेला पोचले. शिडे हेटीने शिवली होती, हे स्लोकमने कौतुकाने पण ओझरते नोंदले आहे. त्या प्रवासानंतर हेटी त्याच्याबरोबर पुन्हा समुद्रावर गेली नाही. आमच्या नौकेहून एक फूट लहान असलेल्या त्या जागेत तिचा दिवस कसा जाई, पाणी किती वाटे, मुलांना झोप केव्हा लागे, तिला काय वाटे? तिने लिहिले असते तर इंग्रजी समुद्रसाहित्याचा पाया वेगळा पडला असता, असे मला वाटते. कदाचित तो इतका लोकप्रिय झाला नसता.

स्त्रीने लिहिलेले नाहीच असे नाही. लेडी ब्रॅसी यांचे ‘अ व्हॉयेज इन द सनबीम’ १८७८ चे. १८७६-७७ मध्ये नवरा आणि चार मुलांसह केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची ही दैनंदिनी तेव्हा अफाट खपली. तिच्यात मुले आहेत, आजारपणे आहेत, पाळीव प्राणी आहेत. पण त्या जहाजावर खलाशी, स्वयंपाकी, दाया आणि नोकर मिळून चाळीसच्या वर माणसे होती. भांडी कोण घासत होते याची लेखिकेला चिंता नव्हती. म्हणजे घर पानावर आले, पण काम पुन्हा पानाबाहेर.

हे लिहिताना मला आमच्याच मार्गातला एक कालवा आठवतो. नॉरफोकच्या दक्षिणेला ‘डिस्मल स्वॉम्प’ नावाची विस्तीर्ण दलदल आहे. तिच्यातून जाणारा कालवा १७९३ पासून खणला गेला आणि १८०५ मध्ये खुला झाला. पाणी चहासारखे तांबूस. झाडांच्या सालींचा आणि कुजलेल्या पानांचा रंग. दोन्ही टोकांना दारे आहेत. नौका आत घ्यायची, दार लावायचे, पाणी चढू द्यायचे, पुढचे दार उघडायचे. दोन्ही तीरांवर झाडी आणि संपूर्ण शांतता. सहलीला निघालेल्या कुटुंबांना हा टप्पा फार आवडतो, आम्हालाही आवडला. हा कालवा गुलामांनी खणला. मोझेस ग्रँडी नावाचा एक गुलाम या पाण्यावर मालवाहू नौका चालवत असे. त्याचे आत्मकथन १८४३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. आपल्या स्वातंत्र्याची किंमत त्याला तीनदा मोजावी लागली, कारण पहिल्या दोन मालकांनी पैसे घेऊन त्याला फसवले. दलदलीतल्या मजुरीचे त्याचे वर्णन, कमरेपर्यंत आणि त्याहूनही खोल चिखलात उभे राहून मुळे तोडणाऱ्या माणसांचे, अगदी कोरडे आहे, आणि म्हणूनच सहन होत नाही. समुद्रपर्यटनाच्या साहित्याची यादी करताना हे पुस्तक कुणी तिच्यात घालत नाही. मी घालीन. नौकेवर कष्टणाऱ्या माणसाने स्वतः सांगितलेली ती दैनंदिनी आहे, आणि तिच्यातली कुटुंबकथा मुलेबाळे विकली जाण्याची आहे.

असो. पुन्हा आमच्या छोट्या गोष्टींकडे.

मराठीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. आम्ही लेकीशी घरात मराठी बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. परदेशातल्या मराठी घरांची ही ओळखीची तडजोड. नौकेवर तिने एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारायला सुरुवात केली, ‘आई, याला मराठीत काय?’ शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, इथवर मी सुखाने आले. मग थांबले. माझे बालपण रत्नागिरीचे. मिरकरवाडा बंदर आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. समुद्र रोज दिसत होता, मासळी रोज दारात येत होती, पण समुद्रावर काम करणाऱ्यांचे शब्द आमच्या घरात शिरले नव्हते. माझी शीड-सुकाणू ही मराठी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातली, ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ भूगोलाच्या. ती मराठी किनाऱ्यावर उभी राहून समुद्र पाहते. आपल्या प्रवासवर्णनांतला समुद्रही असाच आहे. तो प्रवाशाचा आहे, कठड्याला रेलून पाहिलेला. भावाला फोन केला. त्याने बंदरावर ओळखीच्या तांडेलाला विचारून दोन दिवसांनी शब्द पाठवले. नौकेचे पुढचे टोक म्हणजे नाळ. शिडाला वरून धरणारी तिरकी काठी म्हणजे परबाण. आमच्या नौकेला अशी काठी नव्हती, आमची आडवी काठी शिडाच्या खालच्या कडेला होती. तरी लेकीने तिला परबाण म्हणायचे ठरवले आणि नऊ महिने ती परबाणच राहिली. शब्दाचा अर्थ असा एका छत्तीस फुटी वस्तीत बदलला. मोल्सवर्थच्या कोशात नौकानयनाचे शब्द पुष्कळ सापडतात. एकोणिसाव्या शतकात तो ते ऐकून टिपत होता. आपल्या ललित लेखनाने पुढे त्यांतले थोडेच उचलले.

‘उधाण’ आणि ‘भांग’ हे दोन शब्द मात्र आजीकडून आले होते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. केबिनमध्ये टेबलाजवळ कालनिर्णय टांगलेले होते, आणि नवरा संगणकावर भरती-ओहोटीचे तक्ते उघडत असताना मी तिथी पाहून सांगत असे. चंद्र एकच असल्याने आमचे सहसा जुळे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भरतीचा चढउतार सात ते नऊ फुटांचा, तिथे हे ज्ञान शोभेचे नव्हते. ओहोटीला चुकीच्या जागी असलो तर सहा तास चिखलात. लेक अपूर्णांक शिकली ती तिथेच. भरतीचे पाणी सहा तासांत सारखे चढत नाही: पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. दर्यावर्दींचा हा जुना आडाखा. ‘मग तीन तासांनी अर्धे होते, पण दोन तासांनी फक्त पाव,’ असे ती एका सकाळी पोहे खाताना म्हणाली. शाळेत दोन वर्षे न उमगलेली गोष्ट होती ती.

बहामात शिरताना पिवळा झेंडा लावायचा असतो. सरकारी परवानगी मिळेपर्यंत फक्त कप्तानाने किनाऱ्यावर उतरायचे, बाकीच्यांनी नौकेवरच थांबायचे. बिमिनीला नवरा कागदपत्रे घेऊन गेला आणि आम्ही दोघी दोन तास त्या झेंड्याखाली बसून राहिलो. आदल्या रात्री गल्फ स्ट्रीम ओलांडताना सुकाणूवर माझे चार तास होते. तो प्रवाह उत्तरेकडे वाहतो. उत्तरेचा वारा सुटला की पाणी आणि वारा एकमेकांवर आदळून भिंतीसारख्या लाटा उठतात, म्हणून वारा दक्षिणेकडे वळेपर्यंत आम्ही मायामीला पाच दिवस थांबलो होतो. परतलेल्या कागदावर नवऱ्याच्या नावापुढे ‘मास्टर’ आणि आमच्या नावांपुढे ‘क्रू’ असे होते. लेकीला ते फार आवडले. मी विचारात पडले. कागद लिहिणाऱ्याचा दोष नाही. एका नौकेला एकच जबाबदार माणूस हवा, हे मान्य. परंतु घरातली सत्ता कशी वाटली जाते हे इतक्या स्वच्छ अक्षरांत लिहून देणारे दुसरे सरकारी कार्यालय माझ्या पाहण्यात नाही. नांगर टाकताना जोडप्यांची जी भांडणे होतात ती बंदरात प्रसिद्धच असतात. एक जण पुढे नाळेशी, एक जण मागे सुकाणूवर, मध्ये इंजिनाचा आवाज. ओरडलेले ऐकू येत नाही आणि ऐकू आले तर फक्त स्वर ऐकू येतो. आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. त्यांतल्या दोन खुणा आजही घरात वापरतो.

मे महिन्यात अबाको बेटांतून परत निघालो. होप टाऊनचा दीपस्तंभ, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, तेव्हा रॉकेलवर जळत होता आणि त्याचे यंत्र हाताने चावी देऊन फिरवले जात होते. रखवालदार दर काही तासांनी उठून वजने वर ओढत असे, रात्रभर. रात्रीचा पहारा करणाऱ्याला दुसऱ्या पहारेकऱ्याविषयी जी जवळीक वाटते ती मला त्या उजेडाविषयी वाटली. मार्श हार्बरला चार दिवस होतो; तिथे कपडे धुवायचे यंत्र होते, आणि तीन महिन्यांनी चादरींना मिठाचा वास नव्हता. गावाला लागूनच ‘द मड’ नावाची हैतीतून आलेल्या लोकांची वस्ती होती. फळ्या-पत्र्यांची घरे, अगदी खेटून. हैतीहून बहामाला येणारी माणसेही शिडाच्या लाकडी नौकांतूनच येतात, कधी कधी मुलाबाळांसह. त्यांच्या नौकेवरच्या दिवसांना कुणी ‘जीवनशैली’ म्हणत नाही.

१ सप्टेंबर २०१९ रोजी डोरियन हे चक्रीवादळ होप टाऊन ज्या बेटावर आहे त्या एल्बो केवरच जमिनीला भिडले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर. ‘द मड’ पुसले गेले. किती माणसे गेली याचा हिशेब पुरता लागला नाही, कारण तिथल्या पुष्कळांची नावे कोणत्याच यादीत नव्हती. आम्ही तेव्हा पक्क्या घरात होतो. लेक संगणकावर उपग्रहाची छायाचित्रे मोठी करून कपडे धुण्याचे दुकान शोधत होती. ते काही सापडले नाही. दीपस्तंभ उभा होता.

या सगळ्याविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात होते, पण २०२३ मध्ये सुझन हेवूड यांचे ‘वेव्हवॉकर’ वाचले आणि हात अडखळला. १९७६ मध्ये, सात वर्षांची असताना, आईवडील तिला आणि तिच्या भावाला घेऊन कॅप्टन कुकच्या मार्गाने समुद्रावर निघाले. तीन वर्षे ठरली होती, जवळजवळ दशक गेले. हिंदी महासागरात लाटेने नौका उलथीपालथी केली, तिच्या डोक्याला गंभीर इजा झाली आणि एका आडबाजूच्या बेटावर भूल न देता शस्त्रक्रिया झाल्या. मुलगी म्हणून स्वयंपाक आणि आवराआवर तिच्याकडे. शाळा नाही, ती पत्राने शिकली आणि त्याच अभ्यासाच्या बळावर ऑक्सफर्डला पोचली. तोवर समुद्रावर वाढलेल्या मुलांची गोष्ट मी बहुधा आईबापांच्या तोंडून ऐकली होती आणि ती बहुधा सुखाची होती. हे पुस्तक त्या गोष्टीच्या मुळावर घाव घालते. आमचे नऊ महिने आणि तिची दहा वर्षे यांची तुलना होत नाही, हे मला कळते. लेकीला आम्ही विचारले होते, ती हो म्हणाली होती. तरी दहा वर्षांच्या मुलीचा होकार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या पुस्तकाने माझ्या टेबलावर आणून ठेवला तो अजून तिथेच आहे. घर चालवणाऱ्या हातांची कैफियत मी मांडते खरी. पण त्या घरात तिसरेही एक माणूस होते आणि त्याच्या वतीने बोलणारी मी कोण?

तिची स्वतःची वही होती. हिरव्या पुठ्ठ्याची, झोपायच्या फळीजवळच्या फटीत ठेवलेली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी ती मागितली. लेक आता सतरा वर्षांची आहे. ती म्हणाली, ‘नाही. ते मला कधीतरी लिहायचं आहे.’ मी आग्रह केला नाही. दोन दिवसांनी तिने आपण होऊन एका पानाचे छायाचित्र पाठवले आणि ते वापरायला हरकत नाही असे कळवले.

ते पान म्हणजे तक्ता आहे, पट्टीने आखलेला. तारीख, बॅटरीचे व्होल्ट, टाकीतले उरलेले लिटर. तीन रकाने इंग्रजीत आहेत. चौथ्या रकान्याचे शीर्षक देवनागरीत आहे, आणि तिने सांगितले त्याप्रमाणे सगळ्या वहीत देवनागरीत लिहिलेला तो एकच शब्द: ‘आई’. त्याखाली एक ते पाच असे आकडे. २० फेब्रुवारीला व्होल्ट १२.३, पाणी २१०, आई २. दुसऱ्या दिवशी ४. ९ एप्रिलनंतर तो रकाना थांबतो, आणि व्होल्ट व लिटर तेवढे जूनपर्यंत चालू राहतात. का थांबला ते तिला आठवत नाही.